गंजाचा जमाखर्च

भाचीबाई, परवा फोनवर तू तुझं काम सांगितलंस ते दोन वेगळ्या नोकऱ्या असल्यासारखं. निम्मा आठवडा धातूचे तुकडे गंजवायचे आणि उरलेला निम्मा पाण्यातलं शिसं, जस्त, नायट्रेट मोजायचं. विभागात दोन वह्या घालायला सांगितल्या असतील तर जरूर घाल. पण माझ्या शब्दाखातर तिसरी एक छोटी वही ठेव. तिच्या डाव्या पानावर धातूने काय गमावलं ते लिही, उजव्या पानावर पाण्याने काय कमावलं ते. वाणी जसा रात्री दुकान बंद करण्यापूर्वी जमाखर्चाचा मेळ घालतो, तसा तू आठवड्याला एकदा घाल. मेळ बसला नाही तर दोहोंपैकी एका बाजूला खोट आहे, आणि ती तुझ्या परीक्षकाआधी तुला सापडलेली बरी.

माझी उभी हयात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या गंजतपासणीत गेली. निवृत्तीनंतर तुझ्या मामेभावाच्या मागोमाग इकडे आयर्लंडात मेनूथला आलो. आता रॉयल कॅनॉलच्या काठाने फिरताना लोक बदकं बघतात, मी कठड्यांचे बोल्ट बघतो. खोड जात नाही. जे पुढे सांगतोय त्यातलं बरंचसं माझं नाही, माझ्या पहिल्या प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या सहायकाचं आहे. त्यांची शाळा चौथीपर्यंत झाली होती, पण कूपन, म्हणजे गंजवायला टांगलेला धातूचा तुकडा, हातात घेऊन ते सांगायचे की हे कुणी आणि कुठे टांगलं होतं.

तू ज्या गावात काम करायला येते आहेस तिथे गंजाचं काम नवं नाही. विद्यापीठाच्या उत्तर भागात कॅलन नावाची इमारत आहे. ते निकोलस कॅलन पाद्री होते, १८२६पासून १८६४मध्ये वारेपर्यंत इथल्या सेंट पॅट्रिक्स कॉलेजात भौतिकी शिकवत होते. १८३६मध्ये त्यांनी इथेच इंडक्शन कॉइल बनवली. विद्यार्थ्यांना तिचा झटका देऊन ते तिची ताकद बघायचे, आणि पुढे डब्लिनचा आर्चबिशप झालेला एक विद्यार्थी त्यात बेशुद्ध पडला, असं सांगतात. आजच्या सुरक्षासमितीसमोर बिचाऱ्यांचं काय झालं असतं! पण मला कॅलन आवडतात ते दुसऱ्याच कारणासाठी. महागडं प्लॅटिनम टाळून त्यांनी ओतीव लोखंड आणि जस्त वापरून स्वस्त बॅटरी बनवली, आणि १८५३मध्ये लोखंड गंजू नये म्हणून त्यावर शिसं आणि कथील यांच्या मिश्रधातूचा थर द्यायच्या रीतीचं पेटंट घेतलं. छपरं, टाक्या, पाइप, पन्हाळी, तारायंत्राच्या तारा, सगळ्यांसाठी. त्यांची उपकरणं कॉलेजच्या संग्रहालयात आहेत, एकदा बघून ये.

ते पेटंट वाचल्यावर मला आमच्या आईकडचा कल्हईवाला आठवला. पितळी पातेलं भात्यावर तापवायचा, नवसागर भुरभुरायचा, कथलाची कांडी फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने आतून चकाकी आणायचा. नवसागर का, तर तापल्यावर तो धातूवरचं ऑक्साइड खातो आणि कथील उघड्या धातूला धरतं. कल्हई उडाली की ताक कळकायचं, हे घरातल्या पोरांनाही ठाऊक. पण कथलात शिसं मिसळलं की कल्हई स्वस्तात होते आणि दिसायला तशीच झगझगीत. मग चिंचेचं सार आणि आमसुलाची कढी त्यातलं शिसं गुपचूप ओढून घेतात. कॅलनच्या काळी गंज थांबला की काम फत्ते. थरातलं किती पाण्यात उतरतं हे इतकं बारीक मोजायची सोय तेव्हा नव्हती. ती सोय आता तुझ्या टेबलावर आहे, म्हणून तिसरी वही.

आधी वजनघटीची चाचणी. जगातली सगळ्यात जुनी, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त बिघडवली जाणारी. कूपन कापून आलं की कडा घासून गुळगुळीत कर. कापलेली कड ताणलेली असते आणि आधी गंजते. नंबर ठोकलेला भागही तसाच, म्हणून तो कोपऱ्यात आणि बारीक हवा. सगळी कूपनं एकाच नंबरच्या पॉलिशपेपरने, एकाच दिशेने, मग पाण्याने, मग ॲसिटोनने. त्यानंतर उघड्या बोटाने शिवायचं नाही. घामात मीठ असतं आणि बोटाचा ठसा आठवड्याभरात लोखंडावर तपकिरी उमटतो. चिमटा किंवा हातमोजे. डेसिकेटरमध्ये ठेवून लगेच वजन, मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत. आयर्लंडच्या दमट हवेत घासलेलं लोखंड रात्रभर टेबलावर ठेवलंस तर सकाळी चाचणी तुझ्याशिवायच सुरू झालेली असेल.

टांगायला नायलॉनचा दोरा किंवा काचेचा हूक. तांब्याची तार दिसली की मोह होतो, पण मग तू लोखंडाचा गंज मोजत नाहीस, लोखंड-तांब्याच्या जोडीचा मोजतेस. क्षेत्रफळ काढताना कडा आणि भोकाची आतली भिंत धर. पाणी किती घ्यायचं यावर लोक फार सैल असतात. एएसटीएमचं जी-३१ हे मानक सांगतं की दर चौरस सेंटिमीटरला २० ते ४० मिलिलिटर. म्हणजे २० चौरस सेंटिमीटरच्या कूपनला किमान ४०० मिलिलिटर. एवढं का? कमी पाण्यात गंजाची रसायनं इतकी साठतात की पुढचा गंज त्यांच्यामुळेच मंदावतो किंवा भडकतो, आणि तू भलत्याच पाण्याची चाचणी केलेली असतेस.

महिन्यानंतर कूपन काढलंस की खरं कसब. गंजाची खपली उतरवायची, पण खालचा धातू खायचा नाही. लोखंडासाठी क्लार्कचं द्रावण चालतं, म्हणजे एक लिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात २० ग्रॅम अँटिमनी ट्रायऑक्साइड आणि ५० ग्रॅम स्टॅनस क्लोराइड. अँटिमनी नको असेल तर पाण्याने निम्म्यावर आणलेल्या आम्लात लिटरला साडेतीन ग्रॅम हेक्झामिन घालूनही भागतं. दोन्ही फ्यूम हूडमध्येच. आता कानमंत्र ऐक. एकदा धुऊन वजन करून मोकळी होऊ नकोस. धू, वाळव, वजन कर. पुन्हा धू, वाळव, वजन कर. चार-पाच फेऱ्या. वजन आधी झपाट्याने उतरतं, मग उतार सौम्य आणि एकसारखा होतो. तो सौम्य उतार म्हणजे आम्ल आता चांगला धातू खातंय. ती रेघ मागे वाढवून जिथे पोचते ती खरी घट. शिवाय न गंजवलेलं एक कूपन त्याच आम्लात त्याच वेळा बुडव. त्याचं जे गेलं ते आम्लाच्या नावावर. आमचे सहायक या कोऱ्या कूपनला ‘साक्षीदार’ म्हणत. साक्षीदाराविना आलेला आकडा ते साहेबांच्या टेबलापर्यंत जाऊच देत नसत.

गणित सोपं आहे. घट ग्रॅममध्ये, गुणिले ८७,६००, भागिले क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये, तास आणि घनता. उत्तर वर्षाला मिलिमीटर. समज २० चौरस सेंटिमीटरचं लोखंडी कूपन, ७२० तास, ५० मिलिग्रॅम गेलं, घनता ७.८७. उत्तर ०.०३९ च्या आसपास. हा आकडा जपून ठेव, पुढे लागेल. आणि आणखी एक अंदाज: तासांची किमान संख्या काढायला ५० ला या वेगाने भाग. इथे जवळपास १,३०० तास येतात. म्हणजे तुझा महिना अपुरा, पावणेदोन महिने हवेत. गाइडला घाई असली तरी हे नम्रपणे सांग.

एक मात्र विसरू नकोस. ही सरासरी आहे. स्टेनलेस स्टीलच्या कूपनाचं वजन जेमतेम हललेलं असतं आणि आरपार भोक पडलेलं असतं. क्लोराइड असलं की तसंच होतं. खड्डे पडणाऱ्या धातूसाठी वजन बाजूला ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्यात खोल खड्डा मोज. टाकी गळते ती सरासरीने नाही, एका खड्ड्याने.

मिठाच्या फवाऱ्याच्या पेटीबद्दल थोडक्यात. पाच टक्के मीठ, ३५ अंश सेल्सियस, आणि ८० चौरस सेंटिमीटरच्या नरसाळ्यात तासाला एक ते दोन मिलिलिटर पाणी जमलं पाहिजे. ते रोज मोज, कारण नोझल मिठाने बुजतो आणि पेटी मुकाट्याने कोरडी पडते. दोन रंगांत कुठला सुमार हे पेटी सांगते. ‘पेटीतले हजार तास म्हणजे कोकणातली दहा वर्षं’ असं कुणी म्हणालं तर हसून विषय बदल.

आता विद्युतरसायन. मेनूथच्या विभागाचा हात त्यात चांगला बसलेला आहे, तेव्हा उपकरणं शिकवायला मी नको. मी फक्त क्रम सांगतो, कारण नवखी पोरं तिथेच घसरतात. इलेक्ट्रोड पाण्यात घातला की तो स्थिरावेपर्यंत, बहुधा तासभर, फक्त बघत बस. विभव सरकतंय तोवर कुठलीही चाचणी म्हणजे हलत्या माणसाचा फोटो. मग आधी विश्रांतीच्या विभवाच्या दोन्ही बाजूंना दहा-वीस मिलिव्होल्टचं छोटं ध्रुवीकरण, मग इम्पिडन्स, आणि सगळ्यात शेवटी टाफेल. टाफेलमध्ये तू पृष्ठभागाला अडीचशे मिलिव्होल्टपर्यंत ढकलतेस. त्यानंतर तो पृष्ठभाग पूर्वीचा राहिलेला नसतो. टाफेल आधी घेऊन मग त्याच तुकड्यावर इम्पिडन्स घेतलेले प्रबंध मी वाचले आहेत. छापूनही येतात.

संदर्भ इलेक्ट्रोडवर आंधळा विश्वास नको. चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा आणि कॅलोमेलचा यांच्यात सुमारे ४५ मिलिव्होल्टचं अंतर असतं. आलेखाखाली कुठला वापरला ते लिहिलं नाही तर आलेख वाया. एक चांगला इलेक्ट्रोड कपाटात ठेव, त्याला प्रयोगात कधीच उतरवू नकोस, आणि कामाचे इलेक्ट्रोड दर सोमवारी त्याच्याशी ताडून बघ. चार-पाच मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला की आतलं द्रावण बदल. त्याच्या टोकाच्या सच्छिद्र बुचातून पोटॅशियम क्लोराइड झिरपत असतं हेही लक्षात असू दे. क्लोराइडमुळे खड्डे पडतात का हे तपासायला बसलेली मुलगी स्वतःच इलेक्ट्रोडमधून क्लोराइड घालत असते, असला विनोद प्रयोगशाळेत वारंवार घडतो. मध्ये सॉल्ट ब्रिज घाल. आणि मेनूथच्या लायरीन किंवा राय वॉटरसारख्या ओढ्यांचं पाणी समुद्राइतकं वाहक नसतं, तेव्हा संदर्भाचं टोक धातूच्या जवळ आण आणि द्रावणाच्या रोधाची वजावट कर, नाहीतर गंज आहे त्याहून कमी दिसेल.

आता मघाचा आकडा काढ. ०.०३९ मिलिमीटर. लोखंडासाठी दर चौरस सेंटिमीटरला एक मायक्रोअँपिअर म्हणजे वर्षाला ०.०११६ मिलिमीटर. म्हणजे तुझ्या विद्युत्प्रवाहाने साधारण ३.३ मायक्रोअँपिअर दाखवायला हवेत, आणि स्टर्न-गीअरीचा स्थिरांक २६ मिलिव्होल्ट धरलास तर एक चौरस सेंटिमीटरच्या इलेक्ट्रोडचा रोध आठ हजार ओहमच्या जवळपास. दुप्पट-निमपट फरक आला तर घाबरू नकोस, तो स्थिरांकच अंदाजाचा असतो. दहापट आला तर मात्र रेझिनमध्ये बसवलेल्या इलेक्ट्रोडच्या कडेला भिंगातून बघ. रेझिन आणि धातूमध्ये केसाएवढी फट असते, तिच्यात गंज चाललेला असतो.

आम्ल वाढलं की गंज वाढतो, ही समजूत इथेच सोडून दे. सौम्य नायट्रिक आम्लात लोखंड फसफसून विरघळतं, तीव्र नायट्रिकमध्ये शांत बसतं. पृष्ठभागावर पातळ थर येतो आणि तो धातूला झाकतो. शोनबाइन आणि फॅरेडे यांचा यावर पत्रव्यवहार झाला तो १८३६मध्येच, कॅलननी कॉइल बनवली त्या वर्षी.

धातूची बाजू झाली. पाण्याच्या बाजूला यंत्र महत्त्वाचं नाही, बाटली महत्त्वाची. क्लेअर पॅटरसन या अमेरिकन भूरसायनतज्ज्ञाने १९५०च्या दशकात उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचं वय काढलं. त्याआधी त्याला बरीच वर्षं एकाच गोष्टीशी झुंजावं लागलं: शिसं खोलीतच होतं. धुळीत, काचेत, आम्लात, माणसांच्या केसांत. त्याने खोली, भांडी, आम्लं सगळं शुद्ध केलं तेव्हा आकडे स्थिरावले. तुझ्या बाबतीत इतकं टोकाला जायचं नाही. पण धातूंसाठी प्लास्टिकच्या बाटल्या दहा टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर ठेव, शुद्ध पाण्याने धू, आणि दर खेपेला एक बाटली शुद्ध पाणी भरून ओढ्यावर ने, उघड, बंद कर, परत आण. तिच्यात शिसं निघालं तर ते लायरीनचं नव्हे. वजनघटीतल्या साक्षीदाराचाच हा पाण्यातला भाऊ.

विरघळलेला धातू हवा असेल तर आधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळ, मग आम्ल घाल. उलटं केलंस तर गाळातलं सगळं विरघळून जाईल. आणि नायट्रेटसाठी वेगळी बाटली, तिच्यात नायट्रिक आम्ल नको. हसू नकोस, घाई असली की चांगल्या चांगल्यांच्या हातून हे होतं.

आता शिसं. आयर्लंडमध्ये १९७०च्या दशकापर्यंत बांधलेल्या कित्येक घरांत शिशाचे पाइप आहेत. पिण्याच्या पाण्यातल्या शिशाची मर्यादा इथे २५ डिसेंबर २०१३पासून लिटरला २५ वरून १० मायक्रोग्रॅमवर आली. आपल्या भारतीय मानकातही ती दहाच आहे. युरोपात २०३६पर्यंत ती पाचवर यायची आहे. नळातून भरलेल्या बाटलीवर तारीख लिहितेस ना, तिच्याशेजारी पाणी पाइपात किती वेळ साचलं होतं ते लिही. रात्रभर साचलेलं आणि पाच मिनिटं वाहून गेलेलं ही दोन वेगळी पाणी आहेत.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराची गोष्ट याच मुद्द्याची आहे. एप्रिल २०१४मध्ये त्यांनी पाण्याचा स्रोत बदलून नदीचं पाणी घेतलं आणि गंजरोधक फॉस्फेट घातलं नाही. नदीच्या पाण्यात क्लोराइड जास्त. पाइपांच्या आतली जुनी खपली सुटली आणि शिसं घराघरांत गेलं. त्यातच नमुना घेताना आदल्या रात्री नळ सोडून पाइप धुऊन घ्या अशा सूचना लोकांना मिळाल्या होत्या. म्हणजे आकडा कमी येण्याची व्यवस्थाच. शेवटी हे उघड केलं ते एका गंजतज्ज्ञाने आणि गावकऱ्यांनी मिळून. त्यांनी प्रत्येक घरातून तीन बाटल्या घेतल्या: नळ उघडताच पहिली, पाऊण मिनिटाने दुसरी, दोन मिनिटांनी तिसरी. पहिली नळाबद्दल आणि घरातल्या पाइपाबद्दल बोलते, नंतरच्या रस्त्याखालच्या पाइपाबद्दल. ही रीत तू मेनूथमध्ये तशीच्या तशी उचल.

आणि त्या फॉस्फेटची दुसरी बाजू बघ. आयर्लंडमध्ये काही ठिकाणी नळाच्या पाण्यात ऑर्थोफॉस्फेट मुद्दाम घालतात, शिसं विरघळू नये म्हणून. तेच फॉस्फेट ओढ्यात मोजायचं असतं तेव्हा प्रदूषक. नदी चांगली म्हणवायला त्याची वार्षिक सरासरी लिटरला ०.०३५ मिलिग्रॅम फॉस्फरसच्या आत हवी, इतकी कडक मर्यादा. तेव्हा मॉलिब्डेनमच्या निळ्या रंगाने फॉस्फेट मोजताना बाटली नळाच्या पाण्याने विसळू नकोस, भांडी घासायच्या साबणाने तर नकोच.

शिसं मोजायला तुझ्याकडे स्ट्रिपिंग असेल. ऋण विभवावर काही मिनिटं पाण्यातले धातू इलेक्ट्रोडवर गोळा करायचे, मग विभव वर नेत एकेक धातू सोडवायचा. आधी जस्त, मग कॅडमियम, मग शिसं, मग तांबं. विचार कर, दुसऱ्या टेबलावर जे महिनाभर होतं तेच इथे काही सेकंदांत होतंय. धातू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात जातो आणि तू तो प्रवाह मोजतेस. पूर्वी यासाठी पारा लागायचा, हेरॉव्हस्कींनी १९२२मध्ये पाऱ्याच्या थेंबावर पोलरोग्राफी सुरू केली. २००० सालापासून बिस्मथचा थर आला आणि पाऱ्याची भीती बरीच गेली. ढवळण्याचा वेग आणि गोळा करायचा वेळ प्रत्येक नमुन्याला सेकंदापर्यंत सारखा ठेव. जस्त आणि तांबं एकत्र असतील तर ते इलेक्ट्रोडवर आपसात जुळतात आणि जस्त कमी दिसतं. पितळी नळाच्या पाण्यात तर दोन्ही असतातच. अशा वेळी बाहेरच्या स्टँडर्डच्या रेषेवर विसंबू नकोस, नमुन्यातच ठाऊक मात्रा घालून वाढ बघ. दहा मायक्रोग्रॅम घातलं आणि सहाच वाढलं, तर पाण्यातली एखादी गोष्ट उरलेलं लपवते आहे.

नायट्रेटची चाचणी सोपी, पण एककात फसवणूक. ५० मिलिग्रॅम नायट्रेट म्हणजे ११.३ मिलिग्रॅम नायट्रोजन. एका अहवालात नायट्रेट म्हणून, दुसऱ्यात नायट्रोजन म्हणून लिहिलेलं असतं, आणि जवळपास साडेचारपट फरकाने लोक एकमेकांशी भांडतात. पोर्टेबल मीटरच्या पडद्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आधी वाच. ग्रीस या रसायनज्ञाच्या पद्धतीचा गुलाबी रंग ५४० नॅनोमीटरला मोजतात, पण तो नायट्राइटचा असतो. नायट्रेटचं नायट्राइट करायला तांबं चढवलेल्या कॅडमियमच्या स्तंभातून पाणी सोडावं लागतं. स्तंभ म्हातारा झाला की रूपांतर अर्धवट होतं. म्हणून मधूनमधून सारख्याच तीव्रतेचं नायट्रेट आणि नायट्राइट सोडून दोन्ही रंग सारखे येतात का बघ. आता या इलाक्यात नायट्रेट येतं मुख्यतः शेतातून, खतातून आणि गुरांच्या मलमूत्रातून. तेव्हा पाऊस कधी पडला ते वहीत हवंच.

हवेचंही एक खातं आहे, पण ते वर्षाला एकदाच उघडायचं. आयएसओ ९२२३ प्रमाणे साध्या पोलादाची पट्टी बाहेर वर्षभर टांगून पहिल्या वर्षाची झीज काढतात. २५ ते ५० मायक्रॉन मध्यम, ८० ते २०० फार उग्र. तिच्याशेजारी ओल्या वातीची मेणबत्ती ठेवतात, म्हणजे पाण्यात बुडवलेली कापडी वात, हवेतलं मीठ टिपायला. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ती वात काय काय टिपेल ते तुला सांगायला नको. मेनूथ समुद्रापासून आत आहे, पाऊस बाराही महिने थोडाथोडा पडून पत्र्यावरचं मीठ धुऊन नेतो. आपल्याकडे आठ महिने मीठ साचतं आणि मग एकदम आंघोळ. पण धुतलेलं जातं कुठे? गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरून येणाऱ्या पाण्यात जस्त असतं. विद्यापीठातल्या एखाद्या जुन्या शेडच्या पन्हाळीखाली बाटली धर, पहिल्या पाच मिनिटांची वेगळी आणि नंतरची वेगळी. तिसऱ्या वहीचं पहिलं पान तुला तिथेच मिळेल.

मेळ कसा घालायचा ते लोखंडाच्या त्याच कूपनावर करून दाखवतो. ५० मिलिग्रॅम गेलं, पाणी अर्धा लिटर. सगळं पाण्यात असतं तर लिटरला १०० मिलिग्रॅम लोह दिसलं असतं. तू गाळून मोजशील आणि तुला दोन-तीन मिलिग्रॅमही दिसणार नाही. बाकीचं बाटलीच्या तळाला तपकिरी गाळात आहे, भिंतीला चिकटलं आहे आणि कूपनावरच्या खपलीत आहे. मग गाळलेल्या पाण्याचा नमुना वेगळा काढ, उरलेल्या सगळ्या बाटलीत आम्ल घालून गाळ आणि भिंती विरघळव, खपली उतरवलेलं आम्ल मोजून त्यातलं लोह काढ. त्यासाठी मात्र हेक्झामिनचंच द्रावण वापर, अँटिमनी आणि कथलाचं भरपूर मीठ असलेलं द्रावण यंत्राला बाधतं. साक्षीदाराचं लोह वजा कर. तिन्हींची बेरीज ४५ ते ५५ मिलिग्रॅम आली तर पुढच्या कामाला लाग. ३० आली तर आधी दुसऱ्यांदा बाटली धू, भिंतीला बरंच उरतं. ७० आली तर लोह बाहेरून आलंय, आम्लाच्या बाटलीवरची शुद्धतेची चिठ्ठी वाच आणि चिमटा कशाचा होता ते बघ.

शेवटी टाकाऊचाही हिशेब हवा: कॅडमियमच्या स्तंभातून निघालेलं पाणी, क्लार्कचं उरलेलं द्रावण आणि जुन्या कॅलोमेलमधला पारा हे तीन वेगळ्या डब्यांत, प्रत्येकावर नाव, मात्रा आणि तारीख, आणि डबा नेणाऱ्याची सही घेऊन ती पावती तिसऱ्या वहीत उजव्या पानावर डकव.